उताराचे गणित

वसतिगृहाची भाजी घ्यायला मी दर शनिवारी मंडईत जातो. परवा तिथल्या मेट्रो स्थानकाच्या लिफ्टमधून एक आजी चाकाच्या खुर्चीत बसून वर आल्या, आणि मला आमचा उतार आठवला. तो आम्ही अंदाजाने बांधला होता. पावसाळ्यात आमचा एक मुलगा त्यावरून खुर्चीसकट घसरला, हनुवटीला टाके पडले.

पिशव्या बाजूला ठेवून मी मोबाईलवर शोधले. नियम साधा आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आमच्या पायऱ्या दीड फूट उंच, म्हणजे उतार १८ फूट हवा. आमचा आहे सहा फूट!

उपचारांबद्दलही असेच शोधता येते. पबमेडवर लेखांचे सारांश मोफत मिळतात. पूर्ण लेख हवा तर ‘फ्री फुल टेक्स्ट’वर खूण करावी. १९९९ पासून चालणारा पेड्रो हा संग्रह फिजिओथेरपीच्या चाचण्यांना दहापैकी गुण देतो. शोधशब्द इंग्रजीतच लागतात. नुसते ‘अपंगत्व’ टाकले तर ढीगभर निघते. आजार, वय आणि उपाय असे तिन्ही टाकावेत. मात्र बरेचसे संशोधन गुळगुळीत रस्त्यांच्या शहरांतले असते. पाड्यावरची पायवाट कशी आहे, ते मुलाच्या आईलाच विचारावे लागते.

अठरा फूट सरळ नेले तर उतार हातपंपावर जातो. मध्ये वळण घ्यायचे, वळणावर पाच फूट सपाट जागा ठेवायची. गवंडी सोमवारी येतोय.