कुत्र्याला घेऊन मे महिन्यात जळगावला: खर्च किती आणि कशावर?

मेच्या सुट्टीत पुण्या-नाशिकहून खानदेशातल्या घरी जाणाऱ्या गाड्यांमध्ये हल्ली मागच्या सीटवर बरेचदा कुत्रा असतो. घरचे आधी रेल्वेने पुढे जातात आणि कुत्र्यासाठी कुणीतरी एकजण गाडी घेऊन मागाहून निघतो. हे मार्गदर्शन त्या एकट्या माणसासाठी आहे. हिशेब धरला आहे नाशिक-मालेगाव-धुळे-पारोळा-जळगाव या सुमारे २५० किलोमीटरच्या रस्त्याचा. दर अंदाजे आहेत, गावागणिक थोडे इकडेतिकडे होतील.

रेल्वेने का नाही, हा प्रश्न आधीच निकालात काढू. एसी फर्स्टचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत बसू शकतो. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. पेटीचं भाडं किरकोळ आहे, पण मे महिन्यात भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत त्या पेटीत मी माझा कुत्रा ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.

गाडीचं म्हणाल तर एसी लावून लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरा. जाऊन-येऊन साधारण साडेतीन हजार होतात. एसी बंद ठेवून यातले तीन-साडेतीनशे वाचतील, पण या रस्त्यावर ती बचत करायची नाही. वाटेत पिंपळगाव, चांदवड, लळिंग आणि पारोळ्याजवळचा सबगव्हाण असे टोलनाके लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला तो २०० फेऱ्यांसाठी ३००० रुपयांना, म्हणजे सगळ्या फेऱ्या वापरल्या तर नाक्याला १५ रुपये पडले. वर्षातून तीन-चारदा गावी जाणाऱ्याने तो घ्यावाच. पास नसेल तर चालू दर ‘राजमार्गयात्रा’ ॲपवर बघून निघा.

खरा खर्च वेगळ्याच गोष्टीवर करायचा आहे. दोघं असले की एकजण गाडीत एसी लावून कुत्र्याजवळ थांबतो आणि दुसरा लघवीला, चहाला किंवा पैसे द्यायला उतरतो. एकट्याला हे जमत नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत कुत्रा ठेवला, तर पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान साधारण दहा अंशांनी चढतं. काच दोन बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. बाहेर ४३ असेल तर आत काय होतं याचा हिशेब तुम्हीच करा. एसी चालू ठेवून गाडी लॉक करणंही भरवशाचं नाही. इंजिन तापलं किंवा बंद पडलं तर आतल्या कुत्र्याला हाक मारता येत नाही.

म्हणून शक्य असेल तर त्या दिवसापुरता बदली ड्रायव्हर घ्या. दिवसाचे हजार-दीड हजार आणि परतीचं भाडं जाईल. मागे कुत्र्याजवळ तुम्ही बसाल. माझ्या मते या सगळ्या यादीतला हा सर्वांत चांगला खर्च आहे. तो परवडत नसेल तर आपला डबा आणि पाणी घरून घ्या. उतराल तिथे कुत्र्याला पट्ट्यासह सोबत उतरवा. थांबण्याआधी ढाब्याच्या मालकाला विचारून घ्या, बाहेर कडुनिंबाखालची खाट बहुतेक जण देतात. तिथली शेवभाजी मात्र त्याला चाखवू नका. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे. दहीभात, केळ्याचा एखादा तुकडा किंवा बिया काढलेलं टरबूज चालतं.

दुसरी मोठी गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे वेळ. नाशिकहून पहाटे चारला निघा. राहुड घाट उतरला की हवा बदलते, मालेगावपासून पुढे ऊन बोलायला लागतं. सातच्या सुमारास धुळे आणि साडेनऊच्या आत जळगाव गाठता येतं. परत येतानाही पहाटच धरा. ‘संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघू’ हा विचार इथे चालत नाही, कारण दिवसभर तापलेलं डांबर रात्री आठ-नऊपर्यंत चटके देतं. तळहाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला सोसली नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

निघण्याआधी गॅरेजमध्ये एसी तपासून घ्या. गॅस भरायचा आणि फिल्टर बदलायचा म्हटलं तर दोन ते अडीच हजार लागतील. कूलंट, बॅटरी, टायरची हवाही त्याच वेळी बघून घ्या. कुत्र्याचा हार्नेस आणि सीटबेल्टला अडकवायचा पट्टा हजाराच्या आसपास मिळतो. मांडीवर कुत्रा घेऊन गाडी चालवणं धोक्याचं आहेच, शिवाय चालकाच्या ताब्यात अडथळा येईल असं काही ठेवायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२५ नुसार मनाई आहे. काचेचे पडदे तीनचारशेला आणि डिजिटल थर्मामीटर दोनशेला मिळतो. वीस लिटरचा पाण्याचा जार तीस-चाळीस रुपयांत भरून मिळतो. तो प्यायला कमी आणि अंगावर ओतायला जास्त लागतो, म्हणून अर्धा भरलेला जार घेऊ नका.

डॉक्टरची एक फेरी आधीच करा. तपासणी तीनशे ते पाचशे आणि रेबीजची लस राहिली असेल तर आणखी तेवढेच. गोचिडांचं औषध पाचशेपासून पुढे आहे. ते टाळू नका, उन्हाळ्यात गावाकडच्या गोठ्याजवळ गोचीड चिकटल्याशिवाय राहत नाही. लसीचं पुस्तक गाडीत ठेवा.

आता ज्याची भीती आहे ते बघू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५ च्या वर गेलं, धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल अडखळली, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी गाडी दामटत दवाखाना शोधायचा नाही. आधी सावलीत थांबून पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तोंडात पाणी ओतू नका, माणसांची तापाची गोळी तर अजिबात देऊ नका. तापमान १०३ वर आलं की पाणी थांबवा आणि मग निघा. ढाब्यावरच्या कुणाला तरी सोबत बसायची विनंती करा, माणसं येतात. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आणि महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, हे दोन्ही आजच फोनमध्ये घालून ठेवा. सलाइन, रक्ततपासणी आणि दोन-तीन दिवसांची देखरेख धरली तर खासगी दवाखान्याचं बिल आठ-दहा हजारांवर सहज जातं. एवढं करूनही कुत्रा वाचेलच असं नाही.

पहिल्या वर्षी सगळं मिळून, ड्रायव्हर आणि टोल सोडून, आठ-नऊ हजार धरा. पुढच्या वर्षी सामान असतंच, तेव्हा पाच हजारांत भागेल. त्या तुलनेत नाशिकला कुत्र्यांच्या बोर्डिंगचे दिवसाला पाचशे ते आठशे, म्हणजे आठ दिवसांचे चार ते साडेसहा हजार होतात. पैशांत फारसा फरक नाही, त्यामुळे निर्णय कुत्र्याकडे बघून घ्या.

सपाट प्रदेशात पारा ४५ ला गेला की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो, आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात तो आकडा नवा नाही. ऑरेंज अलर्ट असेल त्या दिवशी निघू नका, रजा एक दिवस वाढवा. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या, म्हाताऱ्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्यांना तर मे महिन्यात या रस्त्यावर आणूच नका. त्यांना बोर्डिंगमध्ये किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा, आणि जूनमध्ये दोन पाऊस पडले की घरी घेऊन या.