आत्याबाई, उठा

नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसाचा मान मोठा. सून म्हणते, "आत्याबाई, तुम्ही बसा, मी करते." नातू पाण्याचा तांब्या हातात आणून देतो. आत्याबाई बाजेवर बसून राहतात. वर्ष जातं. मग उठताना भिंत धरावी लागते. घरचे म्हणतात, "काय करावं, वय झालं."

वय झालं हे खरं. पण सगळा दोष वयाचा नाही. थोडा त्या बाजेचाही आहे.

आपल्या मांडीत, पोटरीत जे मांस असतं त्याला स्नायू म्हणतात. स्नायू वापरला तर टिकतो, नाही वापरला तर झिजतो. तरुण गडी आजारात महिनाभर पडून राहिला तर त्याच्याही मांड्या बारीक होतात. म्हाताऱ्या माणसाचा स्नायू तर लवकर झिजतो. मग तो पुन्हा भरून येतो का?

अमेरिकेत बोस्टन शहरी डॉ. मारिया फियातारोने यांनी हेच पाहायचं ठरवलं. वृद्धांच्या निवासातली दहा माणसं त्यांनी घेतली. वय नव्वदीच्या घरातलं, प्रकृती तोळामासा. त्यांच्याकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटीहून जास्त झाली! दोघांनी तर काठी सोडली. हे १९९० साली छापून आलं. पुढचंही ऐका. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्के घटली. म्हणजे चार दिवस करून सोडायचं हे काम नव्हे.

आपल्या देशातही पाहणी झाली आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली घरोघर माणसं पाठवली. पंचेचाळीस वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली. नुसते प्रश्न विचारले नाहीत, हाताच्या मुठीचा जोरही यंत्रावर मोजला.

बोस्टनसारखी यंत्रं आपल्या गावात कुठली! पण खुर्ची तर आहे? ती भिंतीला टेकवून ठेवा. आत्याबाईंनी खुर्चीवरून उठावं, पुन्हा बसावं. आधी पाच वेळा, जमेल तसं दहा वेळा. जवळ कुणीतरी उभं राहावं. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. हृदयाचा आजार असेल तर आधीच विचारून घ्यावं.

आणि ताटाकडे बघा. लातूरची तूर सगळीकडे जाते, पण घरच्या म्हातारीच्या वाट्याला वरणाचं पाणी! स्नायूला डाळ लागते, दूध लागतं, अंडं चालत असेल तर अंडं लागतं. दात नसतील तर डाळ घट्ट शिजवून घोटा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील.

एवढं करूनही माणूस पडतं. पडल्यावर पाय उचलता येत नसेल, पाय आखूड दिसत असेल, तर खुब्याचं हाड मोडलं असू शकतं. अशा वेळी लेप लावून बाजेवर निजवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. नांदेडला विष्णुपुरीला आणि लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. बहुतेकदा शस्त्रक्रिया लवकर झाली तर बरं असतं. नंतर डॉक्टर माणसाला लवकरच उभं करतात. तेव्हा, "इतक्यात कशाला उठवता?" असं म्हणून त्यांना अडवू नका.