निकाल न देणारा माणूस

‘आमची मुलगी भांडखोर नाही हो, वकिलीत तिचं काय होणार?’ बारावीनंतर पालक हा प्रश्न हमखास विचारतात. मी उलट विचारतो : घरात दोघांचं वाजलं, तर समजूत काढायला कोणाला पुढे करता? ‘हिलाच’ असं उत्तर आलं, तर त्या मुलीने मध्यस्थीचा विचार जरूर करावा.

न्यायाधीश आणि लवाद निवाडा देतात. मध्यस्थ देत नाही. जमिनीच्या वाटणीवरून हटून बसलेल्या दोन भावांचं तो आधी एकत्र ऐकतो, मग एकेकाशी वेगळं बोलतो. ‘विहीर माझीच’ म्हणणाऱ्याला अनेकदा उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकणार नाही, एवढीच खात्री हवी असते. ते हेरता आलं की वाट निघते. तडजोड फिसकटली, तरी तिथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून माणसं मोकळी होतात.

या कामाला आता कायद्याचं बळ आहे. व्यापारी वादात तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. ही तरतूद 2018 मध्ये आली आणि ती बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं. पाठोपाठ 2023 मध्ये स्वतंत्र मध्यस्थी कायदाही झाला.

वाट अशी : बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम. महाराष्ट्रात दोन्हींसाठी सीईटी आहे, बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. पुढे न्यायालयीन केंद्रांसाठी 40 तासांचं प्रशिक्षण. वकिली नको असेल, तर समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या कामाकडे वळता येतं.

पालकांनो, एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ही पदवीनंतरची पहिली नोकरी नव्हे. न्यायालयीन केंद्रांत मिळतं ते मानधन, आणि तिथे अनुभवी माणसांनाच विचारतात. म्हणून सुरुवातीची वर्षं मूळ व्यवसायात पाय रोवायचे आणि मध्यस्थी जोडीने शिकत राहायची.

कल तपासायचा असेल, तर घरातल्या पुढच्या भांडणात मुलाला मधे बसवा. दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं, तर ही वाट त्याची. निकाल द्यायची घाई झाली, तर न्यायाधीशाची परीक्षा आहेच!