तांब्याचा पत्रा आणि विश्वकिरण

नाशिकची तांब्यापितळेची भांडी नावाजलेली. तिथल्या तांबट आळीत आबांचे दुकान होते. एके दिवशी आबांनी गुरुजींना हाक मारली.

"गुरुजी, बसा घटकाभर. एक गिऱ्हाईक आलं होतं. म्हणतं, आकाशातून किरण येतात. ते अडवायला छपरावर तांब्याचा पत्रा ठोकून द्या. सौदा मोठा आहे. पण पत्र्यानं किरण अडतात का हो?"

गुरुजी म्हणाले, "आबा, किरण येतात हे खरं. त्यांना विश्वकिरण म्हणतात. १९१२ साली व्हिक्टर हेस हे शास्त्रज्ञ फुग्यात बसून पाच किलोमीटर उंच गेले. तिथं किरण जमिनीपेक्षा जास्त आढळले. म्हणजे ते वरून येतात. हे फार बारीक कण असतात. दर सेकंदाला एखाद-दुसरा कण आपल्या तळहातातून आरपार जातो."

आबांनी हात उलटसुलट करून पाहिला. "मग धातूनं अडत नाहीत?"

"तीच तर गंमत आहे. १९३२ च्या सुमारास इटलीच्या ब्रूनो रोसी यांनी तीन मोजयंत्रं मांडली. तिन्हींत एकदम कण शिरले, की नोंद होई. वर शिशाचा पत्रा ठेवला, तर नोंदी वाढल्या! जाडी दीड-दोन सेंटीमीटर होईपर्यंत वाढतच गेल्या. मग कमी होऊ लागल्या."

"आडोसा केला आणि पाऊस वाढला म्हणायचा!"

"अगदी तसंच. याचा उलगडा १९३७ साली आपल्या मुंबईचे होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी केला. जोराचा कण शिशाच्या अणूजवळून जाताना किरण बाहेर टाकतो. त्या किरणातून दोन नवे कण जन्मतात. असे एकाचे अनेक होतात. शक्ती मात्र मूळचीच. तिच्या वाटण्या होतात. आजोबांची वीस एकर जमीन नातवंडांपर्यंत गुंठ्यांवर येते ना, तसं. पातळ पत्र्याखाली भावकी वाढलेली दिसते. जाड पत्र्यात वाटा इतका लहान होतो, की कण तिथंच थांबतात."

"मग जाड पत्रा घातला की झालं?"

"नाही. म्यूऑन नावाचे कण असे फुटत नाहीत. ते धातूतून सरळ पार होतात. भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली. तिच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत मोजणी केली. जमिनीखाली एक किलोमीटरहून खोलही थोडे म्यूऑन सापडले. तिथं छपराचा पत्रा काय करणार?"

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "आम्ही भ्यायचं का?"

"मुळीच नाही. आपल्या डोक्यावर हवेचं पांघरूण आहे. त्याचं वजन दहा मीटर खोल पाण्याएवढं. बरेचसे किरण तेच अडवतं. उरलेल्यांत माणूस पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले. आबा म्हणाले, "दादा, पत्रा पावसासाठी न्या. किरणांसाठी पैसे घालू नका."

सौदा गेला. पण त्याच गिऱ्हाइकाने पाण्यासाठी एक हंडा घेतला.

विचार करा
१. शिशाच्या पातळ पत्र्याखाली नोंदी का वाढल्या?
२. म्यूऑन धातूने का अडत नाहीत?
३. आबांनी सौदा सोडला, ते बरे केले का?