मेलरोझचे सात गडी

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात ट्वीड नदीच्या काठी मेलरोझ नावाचे एक लहानसे नगर आहे. पाठीशी ईल्डन टेकडीची तीन शिखरे, वस्तीलगत एका प्राचीन मठाचे भग्नावशेष आणि सभोवार मेंढ्यांची कुरणे, असा तेथील देखावा. लोकवस्ती तीन हजारांच्याही आत. तथापि रग्बी खेळणाऱ्या देशोदेशींच्या लोकांस या नगराचे नाव परिचित आहे.

रग्बी हा फुटबॉलचाच एक दांडगा भाऊबंद होय. त्यातील चेंडू लंबगोल असतो. तो हातांत घेऊन धावता येते आणि धावणाऱ्यास धरून पाडण्याची प्रतिपक्षास मुभा असते. प्रत्येक पक्षात १५ गडी असतात. मेलरोझच्या शेजारी गॅलाशील्स हे एके काळचे लोकरीच्या गिरण्यांचे मोठे गाव आहे. आरंभी या दोन्ही गावांचा संघ एकच होता. परंतु १८७७ साली मेलरोझकरांनी आपली चूल वेगळी मांडली. निघताना त्यांनी गोलाचे खांबही उचलून आणले, असे सांगतात!

वेगळा संघ निघाला खरा, परंतु पैसा कोठून आणावा? खेळाडू सारे हौशी. दिवसभर आपापला उद्योग करून ते खेळत. १८८३ साली संघाला द्रव्याची चणचण भासू लागली. तेव्हा नेड हेग नावाच्या तरुणाने एक युक्ती सुचवली. हा जेडबरा गावी जन्मलेला आणि मेलरोझमध्ये खाटकाच्या दुकानी काम करणारा. मैदानी शर्यतींच्या जोडीला रग्बीची स्पर्धा भरवावी, म्हणजे प्रेक्षक जमतील व पैसाही मिळेल, असे त्याचे म्हणणे. पण पंधरा-पंधरा गड्यांचे इतके सामने एका दुपारी उरकावेत कसे? म्हणून प्रत्येक पक्षात सातच गडी घ्यावेत आणि सामना १५ मिनिटांचा करावा, असे ठरले.

२८ एप्रिल १८८३ रोजी ही स्पर्धा ग्रीनयार्ड्स मैदानावर झाली. आसपासच्या गावांहून आगगाड्या भरभरून लोक आले. विजेत्यांसाठी मेलरोझच्या स्त्रियांनी एक चषक दिला होता. अंतिम सामन्यात गाठ पडली ती नेमकी गॅलाशील्सशीच. वेळ संपली तरी बरोबरीच राहिली. म्हणून खेळ वाढवण्यात आला. वाढीव वेळ संपण्यापूर्वीच मेलरोझच्या कर्णधाराने चेंडू गोलरेषेपार टेकवला. लगेच आपण जिंकलो असे म्हणत मेलरोझचे गडी मैदानाबाहेर चालते झाले. वेळ पुरी खेळली पाहिजे, असा गॅलाशील्सच्या गड्यांचा आग्रह. तो रास्तच म्हटला पाहिजे. परंतु चषक मेलरोझकडेच राहिला.

शेजारच्या गावांनीही लवकरच अशा स्पर्धा सुरू केल्या. सात गड्यांना मोकळे मैदान मिळते, त्यामुळे दांडगाईपेक्षा धावण्याच्या वेगाला महत्त्व येते. प्रेक्षकांस हे फार आवडले. नेड हेग १९३९ साली वारला. मेलरोझमध्येच त्याचे दफन झाले. पुढे १९९३ साली एडिंबरो येथे सात गड्यांच्या रग्बीची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि तिच्या चषकाला मेलरोझचे नाव देण्यात आले. २०१६ साली रिओ येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. पुरुषांचे सुवर्णपदक पटकावले ते पॅसिफिक महासागरातील चिमुकल्या फिजीने. त्या देशाचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक होते.