जव्हारला गेलात, तर मोखाडाही करा

जव्हारला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्या अपेक्षेने गेलेल्याची निराशा होईल. जव्हारचं मोल वेगळं आहे. हे मुकणे घराण्याचं महादेव कोळी संस्थान १९४८पर्यंत टिकलं, आणि आजही आजूबाजूचे पाडे वारली, कोकणा, कातकरी, ठाकर यांचे आहेत.

मुंबईकरांनी मनोर-विक्रमगडमार्गे यावं, नाशिककरांनी त्र्यंबकेश्वर-मोखाडामार्गे. मुक्काम मात्र हवाच.

गावातला जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट आणि शिरपामाळ अर्ध्या दिवसात पाहून होतात. १६६४मध्ये सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा तळ या माळावर पडला होता, असं इथे सांगतात. जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, त्यावरून शिरपामाळ हे नाव पडलं, असं म्हणतात.

लेंढी नदीवरचा दाभोसा धबधबा सुमारे तीनशे फुटांवरून कोसळतो. पावसाळ्यात तो वरूनच पाहावा. खाली उतरायचं तर दसऱ्यानंतर, पाणी ओसरल्यावर. तेव्हाही कातळावर शेवाळ असतंच, आणि तळाचा डोह फार खोल आहे. आपटाळ्याजवळच्या काळमांडवी धबधब्याचंही तसंच. दोन्हीकडे पर्यटकांचे जीव गेले आहेत. डोहात उडी मारू नका. गडप्रेमींसाठी झाप गावाजवळचा भूपतगड आहे.

मोखाड्याकडे बहुतेक जण पाठ फिरवतात, आणि तिथेच चुकतात. होळीनंतर मोखाडा-जव्हारच्या गावांत बोहाडा हा सोंगांचा उत्सव होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक सोंग पुढे येतं: गणपती, सरस्वती, मग राक्षस, शेवटी देवी. रंगवलेले जड मुखवटे कापडाने डोक्याला घट्ट आवळलेले असतात, आणि ते सांभाळत पावलं ठेक्यात पडत राहतात. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं, हेही अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तारखा गावागणिक बदलतात, म्हणून आधी चौकशी करा. फोटो काढण्यापूर्वी विचारा आणि सोंगाच्या वाटेत उभे राहू नका. एवढी एक रात्र मिळाली, तरी सहल सार्थकी लागली.

जेवायला नागलीची भाकरी मागा. बाजारातून नागली, वरई घरी न्या. पैसा गावात राहतो.

उन्हाळ्यात येणार असाल, तर पाणी जव्हारमध्येच भरून घ्या. मुंबईची तहान भागवणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, तरीही इथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाड्यावरच्या हंड्यातलं पाणी मागू नका.