आल्टोतल्या भाचीला

चि. मैत्रेयी,


कॉयरमध्ये निवड झाली, पण बाईंनी सोप्रानोऐवजी आल्टोत घातलं म्हणून तू खट्टू आहेस, असं दादा म्हणाला. बाळ, आल्टो म्हणजे उरलेल्यांची रांग नव्हे. मुख्य चाल बहुधा सोप्रानोकडे असते आणि ती लवकर गळ्यावर चढते. आल्टोला कानाशी दुसरी चाल चालू असताना आपला स्वर धरून ठेवायचा असतो. मला विचारशील तर वृंदगानाचं खरं शिक्षण तेच.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी मुलामुलींच्या कॉयरसाठी खूप लिहिलं. १९४१ साली त्यांनी दोन आवाजांच्या छोट्या पाठांचं एक पुस्तक काढलं, तेही केवळ सूर नेमका लागावा म्हणून. सूर पियानोवर नव्हे, दुसऱ्या गळ्याशी जुळवावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याला कारण आहे. अर्धस्वराचे १०० सेंट धरले, तर पियानोचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. तू तर तानपुऱ्यावर शिकलीस. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार तुझ्या ओळखीचा आहे. साथीशिवाय गाताना तोच लाव. एक फरक मात्र ध्यानात ठेव. आपला षड्ज अचल असतो, कॉयरमध्ये आधार सरकत राहतो. तू धरलेला एकच स्वर एका स्वरमेळात गांधार असेल, तर पुढच्यात पंचम. म्हणून सर्वांत खालच्या आवाजाकडे कान ठेव.

आता गळ्याविषयी. आवाज फक्त मुलांचाच फुटतो, असं समजू नकोस. तुझ्या वयात मुलींचंही स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू मागच्या बाजूला पुरते मिटत नाहीत आणि हवा निसटून आवाज घोगरा, पोकळ होतो. हे दिवस जातात. तोवर गळा दाबून आवाज मोठा करू नकोस, वरच्या स्वरांसाठी हनुवटी उचलू नकोस. मधल्या पट्टीत, हलक्या आवाजात गा. घसा दुखला की थांब आणि बाईंना सांग. त्यात कमीपणा नाही.

लांब स्वरावर शेजारणीबरोबर श्वास घेऊ नकोस. स्वराच्या मध्येच गुपचूप थांब, पोट सैल सोडून श्वास भर आणि हळूच परत मिसळ. सगळ्यांनी असं केलं, तर ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो. एकटीचा दमसास लहान असला तरी वृंदाचा लहान राहत नाही.

घरी रोज थोडा वेळ सोप्रानोची ओळही शीक. नंतर आल्टो गात गात सोप्रानोचे स्वर हाताच्या खुणांनी दाखव. पहिल्यांदा गोंधळ उडेल, तरी सोडू नकोस. दोन ओळी एकदम मनात धरता आल्या, की तुला कुठल्याही रांगेत बसवलं तरी सगळं गाणं तुझं असेल.

तुझी,
आत्या